मंजिरीच्या आईची खुर्ची

“बाई, माझ्या घरच्या दोन खुर्च्या लिहा. एक अण्णांची, एक मामाची.”

मी हजेरीपत्रकातून मान वर केली नाही. दुपारची वेळ, चौथीच्या वर्गात एकेचाळीस पोरं आणि पंखा महिनाभर बंद. “आई-वडिलांचं पूजन आहे, मंजिरी,” मी म्हणाले. “मामांचं नाही.”

“माहितीय. मामा आईच्या खुर्चीवर बसेल.”

वर्ग फिस्सकन हसला. “मामा साडी नेसणार!” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. मी पट्टी टेबलावर आपटली. वर्ग गप्प झाला, पण मंजिरी काटकर टेबलापाशी तशीच उभी होती. दोन घट्ट वेण्या, त्यांना लाल रिबिनी आणि रिबिनींवर नेहमीचे काळे डाग. त्या डागांवरून मी तिला वर्षभर बोलत आले होते.

“मामा म्हणजे आई होत नाही,” मी म्हणाले. “बस जागेवर.”

ती बसली. तिचं तोंड उतरलेलं मला दिसलं आणि मी पुढच्या पोराचं नाव पुकारलं.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी तेव्हा दहिवडीच्या एका शाळेत होते. वय त्रेचाळीस, लग्न झालेलं नाही, घरी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली आई. पहाटे पाचला उठायचं, आईचं सगळं आवरायचं, तिला पेज भरवायची, शेजारच्या शालनकाकूंच्या हवाली करायचं आणि शाळा गाठायची. संध्याकाळी पुन्हा तेच. तेव्हा मला कुणी विचारलं असतं, बाई, तुम्हाला काय हवंय, तर मी ‘झोप’ असं सांगितलं असतं. ते खोटं ठरलं असतं, पण ते मला पुढे कळलं.

अशात आमच्या मुख्याध्यापकांना, शिंगटे सरांना, मातृ-पितृ पूजनाचं वेड लागलं. दुसऱ्या कुठल्या शाळेत त्यांनी ते पाहिलं होतं. पटांगणात खुर्च्या मांडायच्या, त्यांवर आई-वडील बसवायचे, मुलांनी त्यांचे पाय धुवायचे, हळद-कुंकू लावायचं, ओवाळायचं, पेढा भरवायचा. वरून साहेब येणार होते, फोटो निघणार होते. पहिला मान चौथीचा, म्हणजे कामाचा मानही माझाच. पाय धुताना मुलांनी म्हणायच्या ओळीसुद्धा मीच लिहिल्या. वडिलांसाठी तीन, आईसाठी तीन. पोरांनी त्या घोकून पाठ केल्या.

यादी घेऊन मी सरांकडे गेले तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली.

“सहा घरं अपुरी आहेत, धुमाळबाई.”

“अपुरी म्हणजे?”

“कुणाचे वडील वारलेत, कुणाची आई माहेरी निघून गेलीय. आणि हा भैरू, त्याचे दोघंही ऊसतोडीला गेलेत. साहेबांसमोर रिकामी खुर्ची दिसता कामा नये. फोटोत बरं दिसत नाही.”

“मग त्या सहा जणांना वगळू या का?”

“छे छे! त्यांना वाईट वाटेल,” सर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. “आपण आहोत की! शाळा हेच दुसरं घर. रिकाम्या खुर्चीवर आपला स्टाफ बसवू.”

आणि त्यांनी तिथल्या तिथे उसने आई-बाप वाटायला घेतले. शिपाई कोंडिबा भैरूचे वडील झाले, तिसरीच्या बाई त्याची आई. क्लार्क दोन मुलींचा बाप झाला. कोंडिबा दारात चहाचे कप घेऊन उभा होता, तो म्हणाला, “सर, माझी चार घरी हाईत. ह्यो पाचवा.” सर हसले नाहीत. ते मंजिरीच्या नावाशी येऊन थांबले.

“काटकरची आई वारलीय ना? हिच्यासाठी कोण?”

“मी बसते,” मी म्हणाले.

फार पटकन म्हणाले. यादी एकदाची संपावी म्हणून म्हणाले, असं मी तेव्हा स्वतःला बजावलं.

मंजिरीच्या घरची हकिगत गावाला माहीत होती. तिचे वडील सर्जेराव एसटीत ड्रायव्हर. एक दिवसाआड मुक्कामी गाडी, म्हणजे रात्र बाहेर. पोर सहा महिन्यांची असताना बायको गेली. तिच्या दिवसांना म्हणून तिचा धाकटा भाऊ हणमंत आला, तेरा दिवसांसाठी. तो परत गेलाच नाही. डेपोच्या बाहेर त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दाजी गाडीवर आणि मेहुणा चुलीवर, असा त्या दोन पुरुषांचा संसार चालला होता. बायका नळावर त्याची टिंगल करायच्या. मीही ती ऐकून हसले होते, उगाच कशाला खोटं सांगू.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना हणमंत फाटकापाशी दिसला. तो रोजच असायचा. मुलांना न्यायला आलेल्या बायका फाटकाच्या सावलीत उभ्या राहायच्या आणि हा रस्त्याच्या पलीकडे, उन्हात, सायकल धरून. चार वर्षांत तो फाटकाच्या आत आला नव्हता. त्या दिवशी आला.

“बाई, जरा इचारायचं हुतं,” तो म्हणाला. पस्तिशीचा असेल. हात पुढे बांधून उभा होता आणि त्या हातांची नखं काळी होती. “तांब्या आन् ताम्हन घरनं आनायचं का शाळंतलं हाय?”

“घरून आणायचं. पण हणमंतराव...” मला ते सांगणं भागच होतं. “आईच्या खुर्चीवर बाईमाणूस लागतं. तसं वरून ठरलंय. मंजिरीसाठी मी बसणार आहे.”

त्याने बांधलेले हात सोडले. मग म्हणाला, “तुमी? मंग तर बरंच की.”

“तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?”

“मला कसलं आलंय वाईट! पोरगी म्हनली म्हनून आलो. तुमच्यावानी शिकल्यालं मानूस तिला मिळतंय. माझं काय, मी रोजचाच.”

तो वळला आणि पुन्हा थांबला. “एक हाय बाई. तिला तुमीच सांगा. माझ्यानं न्हाई व्हायचं. आट दिस झालं, रोज रातच्याला माझी नखं घासती पोरगी, राकेलनं.”

तेव्हा कुठे मला ते रिबिनींवरचे डाग कळले. सायकलीच्या वंगणाचे हात, ते कितीही धुतले तरी सकाळी वेणी घालताना थोडं उतरणारच. वर्षभर मी त्या पोरीला अस्वच्छ म्हणत आले होते. मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मी माझं नाव यादीतून खोडलं नाही. मंजिरीला मी सांगितलं, तिने ऐकून घेतलं, “बरं” म्हणाली. तिच्या मामासारखंच.

पूजनाच्या दिवशी आणखी एक घोळ झाला. डेपोत कुणी तरी आजारी पडलं आणि सर्जेरावांना आदल्या दुपारीच मुक्कामी गाडीवर जावं लागलं. सकाळची गाडी घेऊन ते दुपारपर्यंत येणार नव्हते. शिंगटे सरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांचं लक्ष फाटकाकडे गेलं. तिथे हणमंत पंच्यात गुंडाळलेलं ताम्हन मंजिरीच्या हाती देत होता.

“तो मामा ना तिचा? वडिलांच्या खुर्चीवर चालेल. पुरुष आहे. बोलवा त्याला.”

अशा रीतीने पटांगणात, साहेबांच्या अगदी समोर, मी आणि हणमंत शेजारी शेजारी बसलो. बिनलग्नाची बाई आणि बिनलग्नाचा सायकलवाला, मंजिरीचे आई-बाप म्हणून. पालकांमधल्या दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावले. हणमंतच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि तो खुर्चीच्या पुढच्या दोन इंचांवर टेकला होता. “बाई, लोकं हसत्यात,” तो पुटपुटला. “हसू देत,” मी म्हणाले. मला खरंच कुणाच्या हसण्याचं काही वाटत नव्हतं. मी आईची निळी इरकल नेसून गेले होते. पहाटे माझ्या टाचांना मी तेल लावलं होतं. आईच्या टाचांना रोज लावते, स्वतःच्या टाचांना कित्येक वर्षांत लावलं नव्हतं.

आता सांगून टाकते. मला ती खुर्ची हवी होती. मला आई व्हायचं होतं, अर्ध्या तासापुरतं का होईना. कुणीतरी लहान हातांनी माझे पाय धुवावेत आणि मी लिहिलेल्या त्या तीन ओळी मलाच म्हणून दाखवाव्यात. लिहिताना मी कुणाच्या आईचा विचार केलाच नव्हता. मी झाले असते ती आई कशी असती, ते लिहिलं होतं.

शिंगटे सर माइकवरून सूचना देऊ लागले. “मुलांनो, प्रथम आईचे पाय. आईसमोर बसा. आईचा उजवा पाय ताम्हनात घ्या.”

मंजिरी माझ्यासमोर बसली नाही. ती हणमंतसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मामा, तू चुकीच्या खुर्चीवर बसलायस.”

“मंजे, गप,” तो हळूच म्हणाला.

“ही अण्णांची आहे. अण्णा गाडीवर आहेत. त्यांची रिकामी राहू दे, ते आल्यावर मी घरी त्यांचे पाय धुईन.”

“साहेब बगत्यात. बाईंचं ऐक. बस खाली.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिथेच उठायला हवं होतं. मी म्हणाले, “मंजिरी, कर बघू पटकन. सगळे थांबलेत.” तीच हुकमी सवय, वर्गातली. आणि ती बसली. गुणी पोर होती, सांगितलेलं करायची. तिने माझा उजवा पाय ताम्हनात घेतला, त्यावर तांब्यातलं पाणी घातलं, बोटांच्या बेचक्यांतून नीट हात फिरवला. इतकं नीट माझे पाय कुणी धुतले नव्हते. तिने पंच्याने पाय पुसला, अंगठ्याला कुंकू लावलं.

“आता आईसाठीच्या ओळी,” माइक म्हणाला. “सर्वांनी मोठ्याने.”

चाळीस पोरांचा आवाज उठला. ‘आई, तू मला न्हाऊ घातलंस. आई, तू माझी वेणी घातलीस, माझा भांग पाडलास. आई, मला ताप आला तेव्हा तू माझ्या उशाशी जागलीस.’

मंजिरीचे ओठ हलत नव्हते.

“म्हण ना,” मी म्हणाले. मी अक्षरशः विनवलं. “तुला तर पाठ आहे.”

“पाठ आहे, बाई.”

“मग?”

तिने मान खाली घातली. एवढ्या हळू बोलली की मला वाकावं लागलं. “पण तुम्ही माझी वेणी कुठं घातलीय? खोटं कसं म्हणू?”

तिला माझा अपमान करायचा नव्हता. तिला खरोखर प्रश्न पडला होता आणि तो तिने आपल्या बाईंना विचारला होता, गणित अडल्यावर विचारावं तसा. शेजारी हणमंत मान खाली घालून आपल्या पावलांकडे बघत बसला होता, आणि मी लिहिलेली एकेक ओळ त्याला लागू पडत होती. न्हाऊ कुणी घातलं? वेणी कुणी घातली? तापात कोण जागलं? माझ्या लेखणीतून अनोळखी आई उतरली होती, आणि ती रस्त्यापलीकडे उन्हात सायकल धरून रोज उभी असायची.

मी उठले. एक पाय धुतलेला, एक तसाच.

“हणमंतराव, इकडे बसा.”

“न्हाय न्हाय बाई! बसा तुमी. साहेब काय म्हनतील!”

“साहेबांचं मी बघते. बसा म्हणते ना!”

हे मात्र मी वर्गातल्याच आवाजात म्हणाले. तो बसला. पाय खुर्चीखाली ओढून घेतले. “पाय घान हाईत गं,” तो मंजिरीला म्हणाला.

“मग धुवायचेच तर आहेत,” ती म्हणाली आणि तिने त्याचा पाय ओढून ताम्हनात घेतला.

तिने ओळी म्हटल्या. एकटीने, मोठ्याने, कारण बाकीच्यांच्या म्हणून झाल्या होत्या. सगळं पटांगण ऐकत होतं. “आई, तू मला न्हाऊ घातलंस.” ‘आई’ हा शब्द तिने बदलला नाही. मागच्या बाकावरचा तो साडीवाला पोरगा हसायला तयार होता, पण त्याच्या आईने त्याच्या डोक्यात टप्पल मारली. तिसऱ्या ओळीला हणमंतने इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. ताम्हनातलं पाणी काळपट झालं होतं.

शिंगटे सर माइकवर “आता... आता...” करत राहिले. तेवढ्यात भैरू उठला. त्याने कोंडिबाला विचारलं, “मी माझ्या आजीला आनू? ती भायेर लिंबाखाली बसलीया.”

“आन की बाबा,” कोंडिबा म्हणाला आणि चटकन उठला. “मला बी साहेबाचा च्या ठेवायचाय.”

भैरू म्हातारीला धरून घेऊन आला, तशा तिसरीच्या बाईही उठल्या. ती खुर्चीवर बसायलाच तयार नव्हती, “मी खालीच बरी हाय,” म्हणत होती. शेवटी तिने एका खुर्चीवर बूड टेकलं आणि दुसऱ्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. मग क्लार्कच्या एका मुलीने प्रेक्षकांतून थोरल्या बहिणीला ओढत आणलं. ती बहीण दहावीतली, लाजून लाल झालेली. दुसरीचं मात्र कुणीच आलेलं नव्हतं. ती क्लार्कलाच म्हणाली, “काका, तुम्ही बसा ना.” क्लार्क बसला. मला वाटतं, त्या दिवशी सगळ्यांत नीट तोच बसला होता.

साहेबांनी शिंगटे सरांना विचारलं, “ही म्हातारी कोण?” सर गडबडले आणि म्हणाले, “पालक, साहेब. हे सगळे पालकच आहेत.” साहेबांनी मान डोलावली आणि घड्याळात पाहिलं. त्यांना दुसरी शाळा गाठायची होती.

कार्यक्रम उरकला. खुर्च्या उचलल्या गेल्या, पेढ्यांच्या खोक्यावर माश्या बसल्या. सर मला काही बोलले नाहीत. महिनाभर बोललेच नाहीत. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. घरी जायला उठायची ताकद नव्हती. घरी आई होती, तिचं डायपर, तिची पेज, तिच्या टाचा. ज्याच्यासाठी मी इरकल नेसले होते ते झालं नव्हतं, आणि झालं नाही हे बरंच झालं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पटत होत्या आणि म्हणूनच मी दमले होते. मी रडत होते का? हो, रडत होते. पदर होता, भागलं.

समोर मंजिरी येऊन उभी राहिली. हातात तोच तांब्या आणि ताम्हन. फाटकापाशी हणमंत सायकल धरून उभा होता. आज रस्त्याच्या अलीकडे, सावलीत.

“बाई, तुमचा एक पाय राहिला.”

“राहू दे गं. झालं सगळं.”

“मामा म्हणाला, अर्धं सोडायचं नसतं.”

ती खाली बसली आणि ताम्हन पायरीपाशी सरकवलं. मी पाय मागे घेतला. मला विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून निघून गेलं. “मंजिरी, कोण म्हणून धुतेस?”

तिने जरा विचार केला. ती उगाच गोड बोलणारी पोर नव्हती.

“आमच्या बाई म्हणून,” ती म्हणाली. “त्याच्या ओळी तुम्ही लिहून दिल्या नाहीत. मी माझ्या म्हणू का?”

“म्हण.”

“बाई, तुम्ही मला वाचायला शिकवलंत. बाई, तुम्ही मला रिबिनीवरून रागावलात.” ती थांबली. तिसरी ओळ तिला सुचेना. कपाळाला आठ्या घालून ती शोधत राहिली, आणि मग सापडल्यावर एकदम वर पाहिलं.

“बाई, तुम्ही उठलात.”

मी डावी चप्पल काढली.